मामांनी निवडलेला ग्रीन टी

चाळीस वर्षं चहा विकलेल्या माणसाला चहाच्या वासानं उलटी झाली.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे.
आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मंचरजवळच्या पेठ गावात हायवेला लागून आमचं चहाचं हॉटेल आहे. केमोचा दुसरा डोस घेऊन मामा परत आले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, नेहमीसारखा आल्याचा चहा पुढे ठेवला. मामा तोंडावर टॉवेल धरून मोरीकडे धावले.

"संदीप, दुधाचा वास सोसंना रं," ते म्हणाले. "आता मी हाटेलात बसू कसा?"

आधी हॉटेलात जाणं सुटलं. मग जेवण.
पेज नको, मऊ भात नको. "तोंडात माती हाय," एवढंच म्हणायचे.
महिन्याभरात शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला.

मी मंचरच्या एका शाळेत शिकवते. ग्रीन टीची सवय मला लग्नाआधीची. नवीन नवरी असताना मामांनी माझा कप बघितला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले,
"चहावाल्याची सून, अन् गवत पिती!"

सगळे हसले. मीही हसले.
पण पुढची पाच वर्षं तो कप मी खोलीचं दार लावून प्यायले.

मामा आजारी असताना एका रविवारी दार लावायचं राहिलं. वर बघते तर मामा उंबऱ्यात.
मी कप मागे सरकवला.

"लपवू नको. ह्याच्या वासानं मळमळत न्हाई. दे बरं जरा."

एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.
"कडू केलास. उकळतं पानी वतलंस का?"
"हो. चहाला उकळतंच लागतं ना?"
"त्या चहाला. हे कवळं पान हाय. पोळलं ते."

डॉक्टरांना फोन करून विचारलं. पातळ असेल तर दिवसाला दोन कप चालतील म्हणाले.
आणि मामांनी मनावर घेतलं.

मंचरला मिळाले ते तीन प्रकार मी आणले, दोन पुण्याहून मागवले. ओट्यावर पाच ग्लास मांडले. काचेचेच पाहिजेत, रंग दिसला पाहिजे, ही त्यांची अट. आधी पान तळहातावर घेऊन हुंगायचं. उकळलेलं पाणी दोन भांड्यांत वरखाली करून निववायचं. मगच ओतायचं.

लिंबू-मधाचा तोंडातल्या जखमांना झोंबला. "ह्यात चहा कुठंय?"

तुळशीचा. "ह्यो काढा हाय. चांगला मानूस आजारी पडंल."

मोगऱ्याच्या वासाचा, सगळ्यात महाग. "लग्नाच्या मांडवात बसल्यावानी वाटतंय."

चौथी टी-बॅग होती. मामांनी कात्रीनं पिशवी कापली. आतून नुसता भुगा निघाला. तो त्यांनी चाखलासुद्धा नाही.

पाचवा अगदी साधा. निलगिरीच्या डोंगराकडचं सुटं पान, वरून कसलाही वास न लावलेलं. ग्लासात पानं हळूहळू उलगडली. मामा वाकून बघत राहिले.
एक घोट. थांबले. मग दुसरा.

"कसा आहे?" मी विचारलं.

"आवळा खाऊन पानी प्यालं की मागनं गोड लागतं बघ. तसा हाय." मग जरा वेळानं, "चव लागली, पोरी."

सासूबाईंनी भाकरीचा कोर पुढे केला. मामांनी तो त्या बिनदुधाच्या चहात बुडवला आणि खाल्ला. अख्खा.

तीन आठवड्यांनी ते हॉटेलात गेले. दुधाच्या पातेल्यापासून लांब, बाहेर झाडाखाली खुर्ची टाकून बसले. निमगाव सावाहून त्यांचे जुने मित्र बबनभाऊ भेटायला आले, त्यांनाही ग्लास दिला.

"राव, तांदळाचं धुवण पाजतो का मला?"
"दुसरा घोट घे, मंग बोल."

बबनभाऊंना तो शेवटपर्यंत आवडला नाही. पण दर आठवड्याला यायचे आणि ग्लास संपवून जायचे.

एकदा मी पाणी निववत होते. मामा एकदम म्हणाले,
"तू दार लावून प्यायचीस. मला म्हाईत व्हतं."
"जाऊ द्या, मामा."
"जाऊ कसं देऊ? चारचौघांत बोललो. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या हातातलं भांडं हळूच काढून घेतलं आणि पाणी स्वतः निववलं.

दीड वर्ष असं मिळालं. मग दुखणं उलटलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांना घोटसुद्धा गिळता येत नव्हता. एका सकाळी मी सवयीनं त्यांचा ग्लास भरून आणला आणि पलंगापाशी येऊन तशीच उभी राहिले.

"आनलाय तर तू पी," ते म्हणाले. "अन् कसा लागतो ते मला सांग."

मला कुठं त्यांच्यासारखं सांगता येतं! तरी प्यायले.

माझं माहेर डोंगरातलं, भीमाशंकरच्या वाटेवरचं, भातशेतीचं. जे आलं ते बोलले.
"लावणीला भाताची रोपं उपटतो ना, मामा, तेव्हा हाताला एक वास राहतो. घरी येऊन हात धुतले तरी जात नाही. तो वास येतो मला."

डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली.

"आमच्या पेठंला भात कुठंय," ते म्हणाले. "एवढा प्यालो, पन मला त्यो वास कधी आला न्हाई."

मग माझ्या हातावर हात ठेवला.
"आज आला."

मामा, तुम्हाला मनापासून नमस्कार.
तुमची सून.