कुलवृत्तांतातला रकाना

वर्गात मी बिनधास्त सांगायचे, माणूस, वटवाघूळ, देवमासा, सगळ्यांचा पूर्वज एकच. हातातली हाडं बघा, पटेल. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे आणि या धड्याला माझा आवाज जरा जास्तच चढायचा. घरी मात्र बोबडी वळायची. आमची लेक तीन आठवड्यांची असताना आम्ही तिला फरीदाबादच्या अनाथाश्रमातून आणली होती. आता ती अकरा वर्षांची झाली, तरी तिला हे सांगितलेलंच नव्हतं. पुण्याच्या सासरच्या मंडळींनाही नाही. इतक्या लांब दिल्लीत कोण बघायला येतंय, म्हणून खपून गेलं. दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगू. दरवर्षी शेपूट घालायचो.

अशात एका रविवारी सकाळी नवऱ्याचे काका करोल बागेतल्या आमच्या घरी येऊन थडकले. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा होता आणि ते घरोघरी फिरून फॉर्म भरून घेत होते. नवरा दही आणायला खाली उतरलेला. काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून ते लेकीला म्हणाले, "पोरी, तुझं अक्षर छान आहे, तूच लिही."

मूळपुरुषापासून खाली उतरत ती भराभर लिहीत होती. मी कांदा चिरत होते, पण कान तिकडेच.

"आजोबा, याच्याही खूप मागे गेलो ना, तर मासाच निघेल. आई शिकवते!"

"अगं, आपण कोकणातले, निघणारच!" काका खदखदून हसले. मला मेलं हसूही येईना.

मग तिचं पेन थांबलं. "आई, औरस म्हणजे काय? औरस की दत्तक, खूण करा, असं लिहिलंय."

दिल्लीत वाढलेली पोर, हे शब्द तिच्या कानावर कुठून पडणार? उत्तर काकांनीच दिलं. "औरस म्हणजे पोटचं. दत्तक म्हणजे दुसऱ्याचं मूल आपलं करून घेतलेलं. तू औरसवर खूण कर, चलो, पुढे."

"अच्छा," म्हणत तिने पेन टेकवलं.

खरं सांगते, मी तेवढा वेळ गप्प बसले असते तर निभावलं असतं. पुस्तकात छापून आलं असतं, कायमचं. पण आमचं खोटं तिने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि मी कांदा चिरत बघत राहायचं? मला स्वतःचाच असा संताप आला!

"थांब!" मी ओरडलेच. "दत्तकवर कर."

काकांचा चहाचा कप हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, उठून जाईल, तू माझी कोण म्हणून विचारेल.

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आली आणि अगदी कानाशी, घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई, हे बाबांना माहीत आहे?"