सावलीतली बाई

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परक्या माणसावर लिहावं एवढी माझी लायकी नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पण त्या माणसाचं काय झालं ते आठवलं की अजून डोकं तापतं.

मुरबाडच्या एका फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. वैशाखऱ्याहून आलेला तो पन्नाशीचा माणूस याच स्टुडिओने काढलेला मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ मालकाला दाखवत होता आणि टॉवेलच्या टोकाने पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरचा पडदा पुसत होता. लग्नानंतर त्याची बायको वारली होती. चालतीबोलती ती एवढ्याच व्हिडिओत होती, मांडवाच्या सावलीत उभी. आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी काळपट चौकोन हलत होते.

"काका, पेनड्राइव्हमध्ये मावायला फाइल बारीक केली," मालक म्हणाला. "मोबाइलवर बघा, नाय कळणार."

"नवरी कशी चकचकीत दिसते रे? माझी बायकोच तेवढी मावली नाय?"

मी अडखळत म्हणालो, की फाइल दाबून लहान करताना जवळजवळच्या गडद छटा एकच होतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये चेहरा नीट असेल.

"शिकलेत हो!" मालक हसला.

तो माणूस बाकावर जाऊन बसला. "मूळ दे. तवर मी नाय उठत."

मालकाने नाइलाजाने कल्याणच्या एडिटरला फोन लावला. बऱ्याच वेळाने निरोप आला: मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलंय, दुकानाच्या जाहिरातीसाठी नवरीच्या एंट्रीचं तेवढं ठेवलंय.