पगडीआडचा हूक शॉट

श्रीपाद टेंभे मूळचे मिरजेचे. चंडीगडला सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत ते भिंगं घासत. पण त्यांचा खरा रुबाब जेवणाच्या सुट्टीत. तिथं रोज एकच वाद, हरदित सिंगचा हूक शॉट! अडुसष्टच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, डोक्यावरून वळवून त्यानं चेंडू बास्केटमध्ये टाकला, तो कोणत्या हातानं? सहकारी कुलवंत म्हणे उजव्या, मेहता म्हणे डाव्या. मग दोघं टेंभ्यांकडे वळत, कारण सामना प्रत्यक्ष पाहिलेले हे एकटेच.

"डावा, पक्का!" म्हणत टेंभे चमचा डोक्यावरून फिरवत. आमटी कॉलरवर सांडे.

खरी गोष्ट फक्त बायकोला, पद्मजाबाईंना, ठाऊक. सामन्याहून येऊन हे महाशय म्हणाले होते, "अगं, ऐन वेळी पुढचा सरदारजी उठला. दिसली ती फक्त त्याची लिंबू रंगाची पगडी!"

पण परक्या मुलखात ना धड पंजाबी येत होती, ना कुणी विचारत होतं. या थापेनं त्यांना माणसांत खुर्ची मिळाली. ती कशी सोडायची?

आणि दहा वर्षांनी, काय सांगावं, संस्थेच्या क्रीडादिनाला खुद्द हरदित सिंगच पाहुणे आले! सकाळी डबा देताना पद्मजाबाई म्हणाल्या, "आज पगडी उतरणार हो तुमची."

कुलवंतनं पहिला प्रश्न तोच टाकला. हरदित सिंग हसले. "कुणाला आठवतंय यार! उडी मारली, एवढंच आठवतं. पाहणाऱ्यांना विचारा."

सगळ्यांनी टेंभ्यांना पुढं ढकललं. डावा म्हटलं की जन्माची चिंता मिटली. पण समोर तो साधा, उंच माणूस खरंच उत्सुकतेनं बघत होता. टेंभ्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. 'टेंभ्या लेका, यालाही फसवणार?'

"जी, मी पगडी पाहिली. लिंबू रंगाची. शॉट नाही पाहिला."

हशाचा असा स्फोट झाला की हरदित सिंग डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेंभे डबा घेऊन आपल्या कामाच्या टेबलाशीच बसले. कोणत्या तोंडानं जायचं? तेवढ्यात कुलवंत आला आणि दंडाला धरून त्यांना घेऊन गेला. त्यांची खुर्ची रिकामीच होती. मेहतानं ती पुढं ओढली.

"हां पगडीवाले, सांगा आता, डावा की उजवा?"

टेंभे खुर्चीत बसले. जित्याची खोड! चमचा आपोआप वर गेला.

"डावा," ते म्हणाले. "पक्का."