जगाचे जावई

परवा पुतणीच्या लग्नात थोरले जावई रुसले, कारण चांदीचं ताट धाकट्यापुढे गेलं. जावयानं घास घेतल्याशिवाय पंगतीनं जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. "जावईबापू, एक घास घ्या हो!" वहिनी विनवत होत्या. सगळी पंगत गार होणाऱ्या भाताकडे बघत बसली.

आज टीव्हीवर जागतिक परिषद दिसली. जुनं युद्ध जिंकलेल्यांनी कायमच्या खुर्च्या आपसांत वाटून घेतलेल्या. बाकीचे दोन वर्षांच्या खुर्चीसाठी मतं मागत फिरतात आणि मिळाली की पेढे वाटतात. युद्धबंदीच्या ठरावाला एका कायमवाल्यानं नकाराचा हात वर केला आणि ठराव तिथेच मेला. पेढेवाले पंगतीसारखे बघत बसले.

"मेले, जगाचे जावईच हे!" वहिनी म्हणाल्या.

खरंय. आपल्याकडे मात्र नुसता भात गार झाला होता. तिकडे मुलं गार होतात.