लालीबाईची माफी

लालीबाई माफ करायची तेव्हा माणसाला वाटायचं, त्यापेक्षा हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिग्रसजवळच्या तांड्यात रोज तांबडं फुटायच्या सुमारास ती अंगणातल्या दगडावर बसायची, डोळे मिटायची आणि खणखणीत आवाजात येशूशी बोलायला लागायची. "प्रभू, रुक्माले माफ कर. तिनं काल माह्या अंगणात खरकटं पानी फेकलं. पंजाबरावले माफ कर. दुधात पानी टाकते अन् वरून लेकराची शपथ घेते." नावानिशी, गुन्ह्यासकट, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल असं.

सून संगीता अंथरुणात दात खात पडायची, कारण तिचाही नंबर लागायचा. "सुनेले माफ कर. माहेरी जातो म्हणे, अन् दिग्रसच्या बाजारात बसून भजे खाते." एकदा तिनं तोंडावर विचारलं, "हे मनातल्या मनात नाई करता येत?" लालीबाई म्हणाली, "प्रभूनं वैऱ्यासाठी प्रार्थना करा म्हटलं. हळू करा, असं कुठी म्हटलं?"

तिला वैरी काही कमी नव्हते. नवरा, सेवादास, तापानं गेला तेव्हा लेक भीमराज कडेवर होता. शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेनं, रुक्माबाईनं, "हिनंच खाल्लं नवऱ्याले" म्हणून तांडाभर करून टाकलं. मग लालीबाई दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाच्या टोपल्या उचलायला लागली. तिथल्या एका बाईनं तिला प्रार्थनेला नेलं आणि वर्षभरात ती पाण्यात उतरून ख्रिस्ती झाली. तांड्यानं वाळीत टाकलं. तीजेच्या सणाला बोलावणं बंद, तिच्या घरचं पाणी बंद. पास्टरही काही कमी नव्हते. दंडभर घातलेल्या पांढऱ्या बलिया उतरव म्हणाले. "येशूनं माहं मन मागतलं, बांगड्या नाई," म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनाही माफ करून टाकलं. लेकाला तिनं एकटीनं वाढवलं, कोणापुढे पदर पसरला नाही.

पोळ्यानंतर ती आजारी पडली आणि आवाज बसला. जायच्या आदल्या दिवशी तिनं संगीताला जवळ ओढून कानात एक गोष्ट सांगितली. इतकं हळू बोलणारी सासू संगीता पहिल्यांदाच पाहत होती.

मातीच्या वेळी पास्टर म्हणाले, भगिनी लालीबाई शांत आणि सोशिक होत्या. संगीतानं पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, रडते आहे.

दुःखाचं घर अजून पुरतं सावरलंही नव्हतं, तर रुक्माबाईच्या लेकानं, प्रेमनं, अंगणात विटा आणून टाकल्या. त्यानं दोरी बांधली ती थेट लालीबाईच्या दगडावरून. भिंत झाली असती तर संगीताला रस्त्यावर यायला नालीतून फिरून जावं लागलं असतं. अंगण लालीबाईच्या वाटणीचं, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हे काय करून राह्यला?" संगीतानं विचारलं.

"बुढी गेली," प्रेम म्हणाला. "आता कोन बोलन?"

दारात बसलेली रुक्माबाई हसली. "तिचा देव बी तिच्यासंगच गेला वाटते."

तांड्याचे तंटे सोडवणारा नायक ऐकून न ऐकल्यासारखं करत निघून गेला. भीमराज आईच्या पोटचा कसा, हे कोडंच होतं. "जाऊ दे, भाऊच हाय," म्हणाला आणि जेवायला बसला. संगीता अंगणातल्या दोरीकडे पाहत राहिली. इतकी वर्षं हे अंगण कशानं राखलं गेलं, ते तिला आता कळलं. आणि ते न सांगता मेल्याबद्दल तिला सासूचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दगडावर जाऊन बसली. ती ख्रिस्ती नव्हती. तिच्या खोलीत बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांचा फोटो होता, आणि प्रार्थना कशी सुरू करतात तेही तिला नीट माहीत नव्हतं.

"प्रभू, मी संगीता," ती मोठ्यानं म्हणाली. "तू मले ओळखत असशीन. बुढी रोजच माह्याबद्दल सांगे."

दोन-तीन दारं करकरली.

"प्रेमले माफ कर. या विटा शाळेच्या भिंतीच्या हायत, त्यानं अंधारात आणल्या. नायकाले माफ कर, त्याले दिसते पन तो पाहत नाई. अन् रुक्माबाईले माफ कर. सेवादास तापानं फणफणला होता, दवाखान्यात न्यायचं होतं, हिच्या घरी बैलबंडी जुंपलेली होती, बुढी मागाले गेली, अन् तवा या बाईनं..."

"बस कर," रुक्माबाई उंबऱ्यात उभी होती. डोक्यावरचा पदर घसरलेला तिला कळलाही नव्हता. तशीच अंगण ओलांडून ती दगडापाशी आली. "तुले कोनं सांगतलं?"

"बुढीनं. जाताना."

रुक्माबाई खाली बसली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "इतकी वर्षं खरकट्या पान्यासाठी माहं नाव घेतलं तिनं. मी रोज कानात जीव आनून ऐको, आज म्हनन, उद्या म्हनन. थे एक काहून नाई म्हटलं?"

संगीतानं तिच्याकडे पाहिलं. दया यायला हवी होती, आली नाही.

"थे तिनं खरंच माफ केलं असन," ती म्हणाली. "मी अजून केलं नाई. विटा उचलाले सांग."

दिवस वर यायच्या आत प्रेम विटा बंडीत भरत होता. संगीता दगडावरून उठली नाही.