आत्माराम तात्यांची वखार

भाट्याच्या अलीकडे आमच्या गावात आत्माराम मयेकर हे ग्रामपंचायतीचे पहिले अध्यक्ष. त्यांना सगळे तात्या म्हणत, पण प्रेमाने कोणी म्हणत नसे. तोंड फटकळ, कपाळाला कायम आठी. एकोणीसशे सव्वीस साली शेजारच्या गावांत पटकी शिरली, तेव्हा त्यांनी कोणाला न विचारता देवळापुढच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या. पाणंदीतली घाण तिच्यात झिरपते, एवढंच म्हणाले. बायकांना भर वैशाखात सड्याच्या कातळापलीकडच्या विहिरीवर जावं लागलं. पुढच्या निवडणुकीत तात्या पडले आणि लोकांनी ढोल वाजवले.

त्यांना सर्वांत जास्त शिव्या घातल्या दमयंतीने. विहीर बंद झाली तेव्हा तिला सातवा महिना होता आणि डोक्यावर हंडा घेऊन ती सडा चढायची.

पाच वर्षांनी तिचा नवरा सखाराम मुंबईच्या गिरणीतून परत आला. अंगात ताप, खोकल्यातून रक्त. क्षय म्हटल्यावर त्याच्या भावांनी त्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं. दमयंती लेकराला पोटाशी धरून दारात बसून राहिली. अशात एका सकाळी तात्या बैलगाडी घेऊन आले.

"ह्याला मी नेतो," ते म्हणाले.

"कुठं?" तिने घाबरून विचारलं.

"माझ्या वखारीत. तुला यायचं तर ये. पोराला मात्र सासूकडे ठेव."

समुद्रालगतच्या त्या वखारीत तात्या खोबरं साठवत. आता ती रिकामी करून त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला मोठाल्या खिडक्या पाडल्या होत्या. गिरण्यांतून परतलेले आणखी दोन आजारी आधीच तिथे होते. तात्यांची बायको यमुनाबाई पेज आणि माशांचं सार रांधून पाठवी. थुंकायला राख घातलेली मडकी, प्रत्येकाची भांडी वेगळी, ती रोज उकळायची, असा नियम. कोणी चुकलं की तात्या ओरडत. पण ताप चढला की कपाळावरच्या पट्ट्याही तेच बदलत.

एकदा भांडी उकळताना दमयंतीने विचारलंच, "तात्या, तेव्हा विहीर बंद केलीत, तर बायांना दोन शब्द समजावून का नाही सांगितलेत?"

तात्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. "तुझी चाल बघवत नव्हती गो. पण मला गोड बोलायला जमत नाही. बोलायला गेलो की भांडणच होतं."

गावाला मात्र वखार खुपत होती. तात्यांनी रोग गावात आणला, असं लोक बोलू लागले. शेवटी गावकीने ठरवून वखारीला जाणारं दूध बंद केलं.

हे कळताच दमयंती देवळात गेली. गावकी बसली होती. बायका सहसा तिथे बोलत नसत. ती पदर खोचून उभी राहिली.

"हा रोग तात्यांनी नाय आणला. आपल्याच पोरांनी गिरणीतनं आणलाय. आनि त्या पटकीच्या साली शेजारच्या गावात घरंच्या घरं ओस पडली. आपल्या गावातलं कोण गेलं, सांगा मला."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझं पोर तवा पोटात होतं. मी त्यांना शिव्या देत लांबचं पाणी भरलं, म्हणून आज ते चालतंय, बोलतंय. आता माझा नवरा तिथं हाय. तुम्ही नाय दिलंत, तर मी भीक मागून दूध नेईन."

म्हाताऱ्या सोनूबाईच्या दोन म्हशी होत्या. ती उठली नि म्हणाली, "उद्यापासून माझ्याकडनं ने." मग भिकाजीने, ज्याने तात्यांना निवडणुकीत पाडलं होतं, खाली बघत शेराचा रतीब कबूल केला.

सगळेच काही वाचले नाहीत. दोघांना तात्यांनी स्वतः खांदा दिला. सखाराम मात्र दीड वर्षाने उठून चालू लागला. तो गिरणीत परत गेला नाही. नवराबायको वखारीतच राहिली आणि येणाऱ्या आजाऱ्यांचं करू लागली.

पस्तीस साली देवळात लोकांनी तात्यांना नारळ आणि पागोटं दिलं. भिकाजीने चार शब्द बोलायचा आग्रह केला. तात्या उभे राहिले, घसा खाकरला, डोळे पुसले.

"भिकाजी," ते म्हणाले, "तुझ्या दुधात पाणी असतं."

देऊळभर हशा पिकला. सर्वांत मोठ्याने भिकाजीच हसला.