दिव्यासमोरचा चहा

मायक्रोप्रोसेसर नवा होता तेव्हाची गोष्ट. घणसोलीजवळच्या रसायन कारखान्यात मी गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र बसवत होतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे समजावून सांगायची हौस दांडगी. तिथला म्हातारा ऑपरेटर, गॅस सुटला की लागणाऱ्या जुन्या लाल दिव्यावरची नजर न हलवता ऐकायचा. पुढ्यातल्या चहावर साय धरायची.

“गॅस सुटला की प्रोसेसरला सिग्नल जातो. तो खूण करून ठेवतो. प्रोग्राम ती खूण बघतो आणि घंटा वाजवतो.”

“आनि प्रोग्रामानं बगलंच नाय तर?”

“तो काय चहाला जातोय, काका?”

तो हसला नाही. “माजा भाऊ टाकीत उतरला होता तवा हा दिवा लागला होता, साहेब. दिवा बगनारा च्या प्यायला गेलता. तो मीच.”

घंटा बसली, नीट वाजलीही. तो मात्र दिव्यासमोरून उठला नाही.